उनातल्या फोटूला काय नेसावं

वरडायला तोंड उघडलं आन् तसंच मिटलं. माज्या मांडीवर दुसरीचं हिरवंगार लुगडं, त्या लुगड्यावर माजं नऊ म्हयन्याचं पोरगं, आन् पोराच्या खालनं पिवळं पिवळं पसरत चाललेलं. दात येत व्हते त्येचे, दोन दिस पोट बिघडलेलं, मला समदं ठावं व्हतं, तरी रडतंय म्हनून उचलून मांडीवर घेतलं आन् मांडीवर लुगडं हाय ह्येची सुदच ऱ्हायली न्हाई. पडद्याच्या पल्याडनं आण्णा हाका मारत व्हते, "हौसा, झालं का गं? ऊन चढाय लागलं!" आन् पडद्याच्या आल्याड, माज्यापास्नं दोन हातावर, जिचं लुगडं ती तानूबाई पाटमोरी बसून आपल्या लेकराला काजळ घालत व्हती. ती वळली की मी संपले. मी पोराला बाजूला ठिवलं, लुगडं आतल्या अंगाला दुमडलं, परत दुमडलं, डाग आत गेला. वास काय दुमडत न्हाई.

ती वळली. हात म्होरं करून म्हनली, "द्या अक्का, नेसते."

आन् माज्या तोंडातनं आलं, "हे नगं. हिरवं फोटूत लय वाईट येतं."

हितं वाईच थांबून सांगते, न्हाईतर तुमास्नी वाटंल लेकराच्या हगण्याचं काय एवढं लिवायचं. आमच्या आळीतल्या मास्तरीणबाई म्हनल्या, दिवाळीच्या अंकाला बायांनी आपापल्या कामाचं लिवून धाडा म्हनत्यात, तू फोटूचं लिव, असलं काम करनारी बाई दुसरी कोन न्हाई. मी म्हनलं माजी तिसरी झाली फकस्त. त्या म्हनल्या, बोलतीस तसं लिव. म्हनून लिवतीया. मानसांची नावं बदललीत, माजं बी.

आण्णा म्हंजी माज्या मालकाचे मामा. साताऱ्यात एका बोळात त्यांचं फोटूचं बारकं दुकान. माजे मालक लढाईवर लॉरी हाकायला गेले, घरी सासूसासरा कुनी न्हाई, मी पोटुशी, तवा आण्णा मला आपल्याकडं घेऊन आले. मामी त्येच्या आदल्या सालीच गेलेल्या. मामी असताना बायांना नेसवायचं काम त्याच करायच्या. फोटूला बाई हुबी ऱ्हायली की पदर नीट करायचा, निरी सारखी करायची, तोंड पुसायचं, आन् त्येला गडीमानसाचा हात कसा चालंल? म्हनून ते काम माज्याकडं आलं. मामींची लोखंडी ट्रंक बी माज्याकडं आली. तिच्यात उसनी द्यायची लुगडी, दोन कोट, एक जरीची टोपी, खोट्या मोत्यांची नथ.

उनाळ्यात आमी दुकान बंद करून बाजाराला, जत्रंला जायचो. औंध, कोरेगाव, कवा कवा पार सांगलीकडं. खेड्यातनं उजेड म्हंजी ऊनच. दोन लिंबाच्या झाडांना पडदा बांधायचा, त्येच्यावर बाग काढलेली, कारंजं काढलेलं. म्होरं तीन पायांच्या घोडीवर क्यामेरा, आन् आण्णा काळ्या कापडात डोस्कं घालून. सकाळी दिस उगावल्यापास्नं कासराभर वर येस्तवर खरं काम. त्येच्या म्होरं ऊन डोस्क्यावर आलं की डोळ्यांच्या जागी काळी भोकं दिसत्यात आन् नाकाखाली मिशी आल्यावानी सावली पडती. बायांना सुदा.

आन् रंगाचं तर न्यारंच. तुमास्नी वाटतं लाल ते जरा काळपट, निळं ते जरा कमी काळं, असं फोटूत येत आसंल. तसं न्हाई. क्यामेऱ्यात ज्या काचंवर फोटू उमटतो, त्या काचांचे डोळे मानसावानी नसत्यात. आण्णांनी मला पाढ्यावानी घोकून घेतलं व्हतं: लाल काळं हुतं, पिवळं मळकं हुतं, निळं पांढरं हुतं, हिरवं बरं येतं. म्हनून कुकू फोटूत काळं येतं. हळद लागलेल्या नवरीचं तोंड तव्यावानी येतं, मंग ती किती का गोरी असंना. एका नवरीला मी डाळीचं पीठ लावून तीनदा तोंड धुवायला लावलं, तर तिची आई म्हनली, "अगं ए, हळद उतरिवतीस व्हय माज्या पोरीची लग्नाआदी?" मी म्हनलं, "आई, हळद ऱ्हाऊंद्या, मंग फोटूतली पोरगी जावयाला दावून बगा, वळखतो का."

एक पेन्शनीतले सुभेदार आले व्हते. मी हात जोडून सांगितलं, दादा, लाल फेटा नगा, आमच्या ट्रंकंतला गुलाबी बांधा. ते म्हनले, "पोरी, ह्यो फेटा बघून गोरा साहेब सलाम ठोकायचा." बांधला लालच. फोटू हातात घेतल्यावर आण्णांना म्हनले, "फोटूवाले, सुभेदाराच्या डोस्क्यावर कावळा बसिवला व्हय?" आन् स्वताच एवढं हसले की खोकला लागला.

आन् मानदेशाकडचा एक धनगर. त्येला मी कोट दावला तर म्हनला, "मला काय बी नेसवू नगं बया, मेंढरं हुबी हायती, बिगीनं काड." खांद्यावर घोंगडं, हातात काठी, तसाच हुबा ऱ्हायला. तसला फोटू आमच्याकडं दुसरा निगाला न्हाई. घोंगड्याचा क्येस न् क्येस मोजावा. तवापास्नं मला कळलं, ज्येचं त्येला जे अंगावर सरावलंय तेच उनात चांगलं दिसतं. आन् हे मला कळलेलं असताना मी तानूबाईला जे सांगितलं ते सांगितलं, म्हनून मला ज्यास्त लाज वाटती.

तर औंधची ती सकाळ. तानूबाईचा नवरा माज्या मालकावानीच लढाईवर. तो गेला तवा ती पोटुशी, लेकरू त्येनं बघितलेलंच न्हाई. त्येचं पत्र आलं व्हतं की दोगांचा फोटू धाडा. सासूला ती आत्याबाई म्हनायची. आत्याबाई नवसाचा नारळ घेऊन डोंगरावर यमाईला गेल्या व्हत्या, ही हिकडं आमच्यापाशी फोटूला. आन् ते हिरवं लुगडं आत्याबाईंनी ओटी भरताना दिलेलं. कोरेगावाजवळच्या खेड्यातनं बोचक्यात बांधून आनलेलं, घडी मोडली नव्हती.

मी 'वाईट येतं' म्हनल्यावर तानूबाईचं तोंड पडलं. "आवं पर आत्याबाई म्हनल्यात ह्येच नेस म्हनून."

"आत्याबाईंनी कवा फोटू काढलाय का?" मी फणकाऱ्यानं म्हनलं. भ्यालेलं मानूस किती तोऱ्यात बोलतंय बगा. "माजा रोजचा धंदा हाय ह्यो. तुमी निळं नेसा."

"मंग अंगावरचं ऱ्हाऊंद्या की. मला काय निळंबिळं नगं."

अंगावर तिच्या जाडंभरडं, चॉकलेटी रंगाचं, खांद्याला ठिगळ लावलेलं लुगडं. सोन्यावानी फोटू आला असता त्येच्यात. पदर वाईच फिरवून ठिगळ झाकलं असतं की झालं. पर ते चालतंय म्हनलं तर ती इचारनार, मंग हिरवं का चालत न्हाई? आन् हिरवं उलगडून बगनार. म्हनून मी म्हनलं, "ठिगळाचं नेसून नवऱ्याला धाडनार व्हय फोटू? त्येचे सोबती काय म्हनतील?"

हे तिला लागलं. मी ट्रंक उघडली.

ट्रंकंत निळी दोन. एक गडद, शाईवानी, ते फोटूत बरं येतं. पर ते परटाकडं साताऱ्यात ऱ्हायलं व्हतं. दुसरं आभाळी. आता ह्या आभाळी लुगड्याचं सांगते, मंग तुमास्नी कळंल मी काय केलं ते. ते लुगडं आमी कुनाला नेसवत न्हवतोच. फोटू काढताना एका बाजूनं ऊन आलं की दुसऱ्या गालावर अंधार ऱ्हातो, तवा त्या बाजूला कापड धरायचं म्हंजी उजेड त्येच्यावर आपटून तोंडावर पडतो. ह्येला पांढरं कापड लागतं. पर सवाशीन बाईजवळ पांढरं लुगडं धरलं की बाया बिचकायच्या, उठून जायच्या. म्हनून मामींनी त्येच्यासाठी आभाळी ठिवलेलं. मानसाला निळं दिसतं, काचेला पांढरंशुभर. मी सोता कितींदा ते हातात धरून हुबी ऱ्हायलीया.

तेच मी तानूबाईला नेसिवलं.

माजं पोरगं ट्रंकंला धरून हुबं ऱ्हायचं आन् धपकन पडायचं, रडायचं. तिचं बी रडाय लागलं. निऱ्या एकदा सुटल्या, परत घातल्या. पडद्याभाईर आलो तवा दिस किती वर आला व्हता ते मी बगितलंच न्हाई. आण्णांच्या डोळ्यांवर साय आल्यावानी झालेलं, मानूस वळखू यायचं, पर बारीकसारीक धुकाट, लांबचं तर ज्यास्तच. त्यांनी कापडातनं डोस्कं काढून इचारलं, "निळं दिसतंय. कुटलं गं, हौसा?"

"गडद, आण्णा."

"बरं. कापडाचं तुज्यावर." आन् डोस्कं परत आत.

कापडाचं तुज्यावर. आण्णा समद्या गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्या हौसाला इचारा, ती सांगंल ते नेसा. तिसरी झालेल्या बाईचा शब्द सुभेदारांच्या बायका बी ऐकायच्या, ह्येचा मला लय अभिमान व्हता.

बाजाराची बापय मानसं बगायला जमलेली. तानूबाईनं लाजून पदर म्होरं वडला. ऊन वर, पदराची सावली कपाळावरनं नाकापोतर आली. माजं काम काय, तर पदर दोन बोटं मागं सारायचा. तेवढंच काम. पर मी पडद्याकडं बगत व्हते, ते बोचकं कुनी सोडलं तर न्हाई ना म्हनून. आण्णांनी क्यामेऱ्याच्या तोंडावरची टोपी काढली, "एक, दोन," टोपी घातली. झालं. लढाईमुळं काचा मिळत न्हवत्या, गिऱ्हाइकाला एकच.

आत्याबाई डोंगरावरनं उतरल्या तवर तानूबाईनं आपलं लुगडं परत नेसलं व्हतं आन् मी हिरव्या लुगड्याचं बोचकं गच्च बांधून तिच्या हातात दिलं व्हतं. आत्याबाई उंच, कडक, आवाज असा की बैल बुजावा. त्यांनी समद्यांना अंगारा लावला. माज्या पोराला बी लावला. म्हनल्या, "गोड हाय गं तुजं. पोट बिघडलंय काय? ववा दे." मला वाटलं भुई फाटावी.

साताऱ्याला परत आल्यावर आण्णांनी काच धुतली. लाल कंदिलाच्या उजेडात त्यांनी काच डोळ्यापाशी धरली आन् लय येळ खाली घेतलीच न्हाई. मंग कागदावर दोन फोटू काढले, एक नवऱ्याला, एक घरी. मी शेजारी हुबी. कागदावर हळूहळू मानूस वर येतं बगा, पान्यातनं आल्यावानी. तशी तानूबाई वर आली. पांढरं लुगडं नेसलेली. कपाळ सावलीत गेलेलं, कुकू न्हाई. गळ्यातलं लेकराच्या डोस्क्याआड. मांडीवर बिनबापाचं पोर घेऊन बसावी तशी.

माजा मालक बी तिकडंच हाय वो.

आण्णा म्हनले, "गडद दिलंवतंस नव्हं?"

मी म्हनलं, "व्हय."

"मंग टोपी मीच ज्यास्त येळ उगडी ठिवली, उजेड ज्यास्त शिरून पांढरं झालं. एवढी कशी ठिवली? मोजलं व्हतं की मी." मंग बोटानं कपाळावरची सावली दावली. "आन् ही? ही मला दिसू नये व्हय? चाळीस वर्षं काळ्या कापडात गेली, आन् ही सावली दिसू नये?"

तवा सांगायचं. तवा सांगितलं असतं तर गोष्ट आमच्या दोगांत मिटली असती. मी ताट वाढायला गेले.

दुसरी काच न्हाई, आन् तानूबाईच्या गावचा एक शिपाईगडी रजा संपवून निगालेला, त्येच्यासंगं फोटू जायाचा. तो दुकानात येऊन बसलेला. आण्णांनी बारीक कुंचला घेतला, काळ्या शाईत बुडिवला आन् दोन्ही फोटूंत तानूबाईच्या कपाळावर कुकवाचा ठिपका दिला. म्हनले, "कुकू तरी दिसूंदे." श्वास धरून दिला. आन् मी बगितलं तर ठिपका जाग्यावर न्हवता, डाव्या भुवईकडं सरकलेला. आण्णांना तो मदोमद दिसत व्हता. मी काय बोलले न्हाई. एक फोटू त्या गड्यानं संगं नेला, दुसरा गावाकडं दिला.

मंग तिकडनं पत्रच यीना. एक म्हयना, दोन म्हयने. आमच्या मालकाचं बी आलं न्हवतं, पर आमच्याकडं कुनी कुनाला बोल लावनारं न्हवतं. तानूबाईकडं व्हतं.

कोरेगावच्या बाजाराला आमी पडदा बांधत व्हतो तवा ती आली. लेकरू कडंवर. सुकलेली. मला बाजूला घेऊन म्हनली, "अक्का, माज्यासंगं घरी चला. आत्याबाईंना एवढंच सांगा की ते लुगडं पांढरं न्हवतं. माजं कोन ऐकत न्हाई. त्यांचं म्हननं, मी दिलेलं लुगडं टाकून हिनं नटायला दुसरं मागितलं, आन् ल्योकाच्या जिवावर आनलं. आता हळदीकुकवाला कुनी बोलवत न्हाई मला. आलेली बाई कुकू लावायला लागली की आत्याबाई म्हनत्यात, हिला नगा लावू, हिला फोटूतलं पुरं हाय."

मला कायतरी बोलायचं म्हनून मी म्हनलं, "हिरवं लुगडं कसं हाय?"

ती हळू म्हनली, "धुतलं मी. वढ्याला नेऊन. त्याच दिशी, आत्याबाईंना वास यायच्या आत." आन् माज्या पोराच्या गालाला हात लावला. "लेकरं हगायचीच, अक्का. मला म्हनला असता तर अंगावरच्यावर बसले असते मी. कुनाला कळलं असतं?"

तिला ठावं व्हतं. दोन म्हयने ती एवढं सोसत व्हती आन् एकदा बी तिनं घरात माजं नाव घेतलं न्हवतं.

आण्णांना सांगितलं, फोटूवरनं तिच्या सासूचा गैरसमज झालाय, जाऊन येते म्हनून. आण्णा म्हनले, "जा. माज्या वतीनं त्या माउलीच्या पाया पड. म्हनावं, म्हाताऱ्याच्या हातनं चुकी झाली."

त्यांच्या गावात पोचलो. आत्याबाई दारात जात्यापाशी बसलेल्या. मला बगून उठल्या न्हाईत. आत जाऊन फोटू आनला, माज्या म्होरं भुईवर ठिवला. "हे कुकू मागनं लावलंय. मी काय आंधळी न्हाई. कपाळ उगडं व्हतं हिचं."

मी म्हनलं, "मावशी, लुगडं निळं व्हतं. देवाशपत निळं. फोटूत निळं पांढरं हुतं."

"आसंल. मला रंगाचं सांगू नगं." त्यांचा आवाज खाली आला, आन् ते मला ज्यास्त भ्या वाटलं. "मला एकच सांग पोरी. तुज्या पोराच्या डोस्क्यावर हात ठिव आन् सांग. निळं हिनं मागितलं का?"

मी पोराच्या डोस्क्यावर हात ठिवला. "न्हाई. हिनं तुमचंच मागितलं व्हतं."

"मंग कुनी दिलं?"

तानूबाई खाली बगत व्हती. तिनं माज्याकडं बगितलं असतं तर मला वाटतं मी खरं बोलले असते. पर ती मला वाट मोकळी ठिवून खाली बगत बसली. आन् माजा हात पोराच्या डोस्क्यावर, खोटं बोलायचं न्हाई, म्हनून मी हात काडून घेतला. काडून घेतला आन् म्हनलं, "आण्णांनी. आण्णा म्हनले हिरवं नगं."

"म्हाताऱ्याला दिसत न्हाई की काय?"

"कमी दिसतंय."

आत्याबाईंनी सुस्कारा सोडला. मंग सुनंला म्हनल्या, "आत जा. त्या पोरीला ताक दे." एवढंच. पर तानूबाई आत गेली तवा तिचा खांदा मोकळा झालेला दिसला मला. ताक मी प्याले. आण्णांच्या वतीनं पाया पडायचं इसरलेच.

वीस-बावीस दिसांनी तानूबाईचा निरोप आला, पत्र आलं, मालक खुशाल हायत. फोटू पोचला. पोरगं आपल्या बापावर गेलंय म्हनून लिवलं व्हतं, लुगड्याचं चकार शबूद न्हाई. पाटोपाट आमचं बी आलं. मी देवाफुडं साखर ठिवली. मला वाटलं सुटले.

पर आत्याबाईंचा आवाज मी सांगितलाच तुमास्नी. कोरेगावच्या पुढच्या बाजारात बाया पडद्यापाशी यायच्या, थांबायच्या, एकमेकींना ढोसायच्या आन् जायाच्या. एक म्हनली, मला आयकू जाईल अशी, "नगं गं बाई, ह्यो आंधळा फोटूवाला. सवाशिनीला पांढऱ्या कपाळाची करतोय." आण्णांनी बी आयकलं. ते काळ्या कापडात व्हते. गिऱ्हाईक कुनी न्हवतं म्होरं, तरी ते लय येळ कापडातनं भाईर आले न्हाईत.

औंधला तेच. लढाईवरच्या शिपायांच्या बायका हेच आमचं निम्मं गिऱ्हाईक, त्या तर सावली बी पडू दीनात. आण्णा मला कवाच म्हनले न्हाईत की तू काय बोललीस तिथं. मला वाटतं त्यांच्या मनात बी आलं न्हाई. ते आपले डोळे तपासत बसायचे. दुकानाच्या पायरीवर बसून ट्रंकंतली लुगडी एकेक धरायचे आन् मला इचारायचे, "हे गडद का आभाळी?" त्यांना बरोबर वळखू यायचं. मी बरोबर हाय म्हनलं तरी म्हनायचे, "तू माजं मन राखायला म्हनतीस."

मंग एक दिशी म्हनले, "हौसा, सांगलीच्या त्या फोटूवाल्याला पत्र लिव. क्यामेरा घिऊन जा म्हनावं." त्यांना लिवायला बारीक दिसत न्हाई, त्यांची पत्रं मीच लिवते. त्यांनी सांगितलं तसं लिवलं. 'माझी दृष्टी गेल्याने माझ्याकडून गिऱ्हाईकाचे अकल्याण होऊ लागले आहे, करिता.' अकल्याण कसं लिवायचं ते त्यांनाच इचारलं. माज्या अक्षरात हाय ते पत्र.

सांगलीचा मानूस आला. चांगला मानूस, तरणा. त्येनं क्यामेरा उघडून बगितला, काच बगितली, काळं कापड हुंगून बगितलं. म्हनला, "आण्णा, एवढी निगा राखलेला क्यामेरा मी बघितला न्हाई. तुमी का इकताय? मला तर तुमचे डोळे तेवढे वाईट वाटत न्हाईत. बोळातनं मी येताना वळखलंत की तुमी."

आण्णा हसले. मंग माज्याकडं वळून म्हनले, "ह्या पोरीला इचारा. ती असती माज्यासंगं. लुगडं गडद दिलं तर माज्या हातनं पांढरं झालं. व्हय का न्हाई, हौसा?"

दोगं माज्याकडं बगत व्हते. आण्णांच्या तोंडावर एवढीशी आशा व्हती, मी न्हाई म्हनंन अशी. मला दिसली ती. एक शबूद बोलले असते तर क्यामेरा घरात ऱ्हायला असता. आन् मंग ते इचारनार, आदी का बोलली न्हाईस, आन् तिथं बोललीस काय, आन् मंग मी ह्या घरात कुटल्या तोंडानं भाकरी थापू? पोराला घेऊन कुटं जाऊ? मालक येस्तवर मला दुसरं दार न्हाई.

मी म्हनलं, "व्हय, आण्णा."

त्यांनी मान हलिवली, आन् क्यामेऱ्याचं काळं कापड स्वताच घडी करून त्या मानसाच्या हातात दिलं.

आता ते दिसभर पायरीवर बसत्यात, माजं पोरगं त्यांच्या मांडीवर. ह्यो अंक आला की मलाच म्हनतील, वाचून दाव, काय लिवलंस. तवा ह्ये पान मी काय वाचू, ते मला अजून ठावं न्हाई. तुमी शिकल्यासवरलेल्या बाया हाय. लेकरू तुमच्या कडंवर, मालक लढाईवर, डोस्क्यावर छप्पर त्याच म्हाताऱ्याचं, आन् तो तुमच्याकडं बगून इचारतोय, व्हय का न्हाई म्हनून. तुमी काय म्हनला असता?